नानांना मान्य नसलेला शब्द

माझ्या लग्नाची तारीख अलीकडे आल्याची बातमी दादाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत टाकली. मराठीत सांगायची त्याची हिंमत झाली नसावी. काही अपरिहार्य कारणाने दिवाळीनंतरचं लग्न 'प्रीपोन' होऊन वैशाखात होत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी, एवढाच मजकूर होता. ग्रुपवर काका, आत्या, मावश्या, त्यांची मुलं-सुना असा सगळा गोतावळा होता. पहिलं उत्तर आलं ते नानांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. ते तेव्हा दादापासून दोन हातांवर, समोरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. तरीही त्यांनी टाइप करून कळवलं की असा शब्द इंग्रजीत नाही. तारीख अलीकडे का घेतली, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

नानांनी सगळी नोकरी चांदवड तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात काढली. कांदे काढायच्या दिवसांत पोरं वर्ग सोडून रानात जायची, तेव्हा हे बांधावर जाऊन त्यांच्याकडून क्रियापदं पाठ करून घ्यायचे. निवृत्तीनंतर आम्ही नाशकात इंदिरानगरला राहायला आलो, पण मास्तरकी काही सुटली नाही. ग्रुपवर कुणी इंग्रजीत वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की थोड्याच वेळात त्याच शुभेच्छा दुरुस्त होऊन परत यायच्या. त्यांना ऐकायला कमी येत असल्याने फोनचा आवाज कायम मोठा असायचा. मेसेज आला की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायचा. भाचरं तर त्यांना चिडवायला मुद्दाम चुका करून पाठवायची. मला हसू यायचं नाही, मी चिडायचे. चारचौघांत कुणाच्या चुका काढू नयेत असं मला वाटायचं, आणि ते मी त्यांना चारचौघांतच सांगायचे.

मेसेजच्या आदल्या दिवशी मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी नानांना वजन करायला म्हणून बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. पोटातल्या गाठीबद्दल ते बराच वेळ बोलले. त्यातलं मला आता फारसं आठवत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, घरात काही कार्य वगैरे आहे का. दादा म्हणाला, बहिणीचं लग्न आहे, दिवाळीनंतर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच सरळ केला.

"उरकून घ्या," ते म्हणाले.

नाना परत आले, आकडा सांगितला आणि म्हणाले, काटा बिघडलेला दिसतो. डॉक्टरही म्हणाले, हो, बिघडलाय खरा. घरी येताना रिक्षात नाना मध्ये बसले होते आणि वळणावर त्यांचा खांदा मला टोचत होता. पूर्वी तो टोचायचा नाही.

आईला दादाने स्वयंपाकघरात सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली, रडली, मग तोंड धुतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते माझ्या लग्नाबद्दल. घरात काही कमी-जास्त झालं तर वर्षभर कार्य थांबतं, मग कुणी म्हणतं तिसऱ्या वर्षीच करा. मी बत्तीस वर्षांची, पोरगं पुण्यात नोकरीला, थांबणार कोण? मला तिचा भयंकर राग आला. माझं लग्न म्हणजे नानांच्या श्वासाबरोबर लावलेली शर्यत झाली होती, आणि मी जिंकायची म्हणजे नेमकं काय व्हायचं हे मला कुणी सांगत नव्हतं. मी म्हणाले, नानांना खरं सांगू, मग ते म्हणतील तसं करू. आई म्हणाली, नाय सांगायचं, खचून जातील. दादाने तिची बाजू घेतली. नानांना आणि पाहुण्यांना द्यायला एक कारण तयार केलं, ते असं की लॉन्सवाल्याकडे दिवाळीनंतरची तारीखच शिल्लक नाही. नाशकात हे कुणालाही पटतं.

एवढं तयार करून ठेवलेलं कारण नानांनी विचारलंच नाही. ते शब्दालाच धरून बसले.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी चहाला तेच, दुपारी तेच. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे हा शब्द दिवसातून दहादा वापरतात. मीटिंग प्रीपोन, डिस्पॅच प्रीपोन, ऑडिट प्रीपोन. मी नानांना सांगितलं, अख्खी एमआयडीसी वापरते म्हणजे शब्द आहेच. ते म्हणाले, अख्खी एमआयडीसी हॉर्न वाजवत जाते, म्हणून ते संगीत होत नाही. मी मोबाइलमधली डिक्शनरी काढून दाखवली. त्यात तो होता, आणि पुढे लिहिलं होतं की हा भारतातला वापर आहे. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपाशी नेला आणि विजयी चेहऱ्याने परत दिला. म्हणजे आपणच घुसवलेला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, घुसवला म्हणजे आपला झाला. त्यांनी कपाटावरून त्यांची जुनी, पाठीला चिकटपट्टी लावलेली डिक्शनरी काढायला सांगितली. ती मांडीवर घेऊन ते पानं उलटत राहिले. तेवढ्यानेही त्यांना दम लागला.

"ज्यांची भाषा आहे त्यांना हा शब्द कधी लागला नाही," ते म्हणाले. "आपल्यालाच का लागतो? एवढी कसली घाई असते आपल्याला?"

आईने आतून चहाचं आधण जास्तच जोरात ढवळलं.

ग्रुपवर तर मंडळींना उधाण आलं होतं. मावसभाऊ नानांच्या विरोधात, आत्या नानांच्या बाजूने, काका दोन्हीकडून. पोस्टपोन चालतं तर प्रीपोन का चालत नाही, हा सगळ्यांचा आवडता मुद्दा होता. त्यातल्या बऱ्याच जणांना दादाने एव्हाना खरं कारण खाजगीत सांगितलं होतं. त्यामुळेच ती चर्चा मला असह्य व्हायची. कुणी एक शब्दही जास्त बोलत नव्हतं, आणि सगळे सतत बोलत होते.

त्या दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कारखान्यात एखादं काम पुढे ढकललं की कुणी कारण विचारत नाही, उलट हायसं वाटतं. पण ऑडिट अलीकडे आलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुठेतरी, कुणीतरी, काहीतरी कळवलेलं असतं. नानांना हे ठाऊक नसेल असं मी स्वतःला समजावत होते, पण मनातून मला भीती वाटायला लागली होती. त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागलं तेव्हा ते काढून ठेवलं, म्हणाले, निवृत्त माणसाला काय करायचंय. अर्धी भाकरी ताटात राहायची आणि आई ती न बोलता उचलून न्यायची. बाहेर चैत्राचं ऊन, दुपारनंतर आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा आणि पाऊस न पडताच सगळं शांत व्हायचं.

नाशकात अवकाळीची भीती सगळ्यांनाच असते, ज्यांची शेती गेली त्यांनाही. पण मला त्या आभाळाकडे पाहून सारखं दुसरंच आठवत होतं. मी चौथीत-पाचवीत असेन तेव्हाची गोष्ट आहे. गावाकडे चुलत आत्याचं लग्न होतं. आमच्यात लग्नाआधी देवक बसवतात. नवरीचे आई-वडील जोडीने बसतात, मारुतीच्या देवळातून वाजतगाजत पानं आणतात, ती पूजा करून देवघरात ठेवतात आणि लग्न लागल्यावरच उठवतात. तर देवक बसलं आणि त्याच दुपारी वाड्याच्या मागच्या खोलीत आमचे चुलत आजोबा, म्हणजे नवरीचेच वडील, गेले. मला वाटलं, आता लग्न मोडणार. पण देवक बसलं की त्या घरच्या कार्याला सुतक लागत नाही. आजोबांना मागच्या दाराने नेलं. दुसऱ्या दिवशी बँड न वाजवता लग्न लागलं, जेवणं झाली, कुणी कुणाला आग्रह केला नाही. आत्याने तिच्या वडिलांचं तोंड पाहिलं नाही, कारण देवकाखालच्या नवरीने मयत पाहायचं नसतं. तिचा अक्षता पडतानाचा चेहरा मी कितीतरी वर्षं विसरू शकले नव्हते.

मग एका रविवारी माझे होणारे सासरे-सासूबाई नामपूरहून आले. मानपानाचं आणि कार्यक्रमाचं नक्की करायचं होतं. सासरे कांद्याचे व्यापारी, मोकळा माणूस, मोठ्या आवाजात बोलणारे. आमच्याकडे येताना ते शुद्ध बोलायचा निश्चय करून येत आणि पाणी पिईपर्यंत विसरून जात. त्यांना नानांच्या आजाराचं दादाने फोनवर सांगितलं होतं. तारीख बदलायची विनंती केली तेव्हा त्यांनी अहिराणीत एकच वाक्य म्हटलं होतं, "आम्हले काही अडचण नही शे." त्या वाक्यासाठी मला तो माणूस कायमचा आवडला.

चहा झाला, पोहे झाले. पत्रिकेचा नमुना निघाला. ती इंग्रजीत आणि मराठीत अशी दोन्हीकडून छापायची होती, आणि ज्यांना जुनी तारीख तोंडी कळवली होती त्यांच्यासाठी खाली एक ओळ घालावी, असं दादाचं म्हणणं होतं. त्या ओळीत तो शब्द होता. नानांनी पेन काढून तो खोडला. सासऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, सर, या शब्दात काय वाईट आहे? नानांनी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. सासऱ्यांनी मन लावून ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सर, तुमचं बरोबर असंल," ते म्हणाले. "पण आम्ही मार्केटात रोज वापरतो. आभाळ आलं का लिलाव प्रीपोनच करना पडस. माल भिजायच्या आत उचलला पाहिजे ना."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. दादा पत्रिकेकडे पाहत राहिला, आई पदराशी चाळा करत. त्या शांततेत एकटे नाना हसले. अगदी मनापासून, खोकला येईपर्यंत हसले. पाणी प्यायले, पेनाला टोपण लावलं आणि सासऱ्यांकडे वळले.

"मग एक करू या," ते म्हणाले. "देवक लवकर बसवू. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी बसवलं तरी चालतं. मी आमच्या गुरुजींना विचारून ठेवलंय."

देवक हळदीच्या दिवशी बसवतात. ते इतकं आधी कोण आणि कशासाठी बसवतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"एकदा बसलं की मग काही झालं तरी तारीख हलत नाही," नाना पुढे म्हणाले. "आमच्याकडे तसंच आहे. तुमच्याकडेही असेल."

सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "आमच्याकडेबी तसंच शे, सर."

"शब्द मात्र चुकीचाच आहे," नाना म्हणाले आणि पत्रिकेचा नमुना दादाकडे परत दिला.

पाहुणे गेल्यावर मी नानांवर ओरडले. इतके दिवस तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत, आम्हाला का नाचवलंत? ते म्हणाले, तुम्ही सगळे इतक्या मेहनतीने लपवत होतात, म्हटलं कशाला मोडता घालावा. आणि पाहुण्यांना लॉन्सवाल्याचं काय सांगत होतात गं, तो तर माझा विद्यार्थी, मी त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं की शब्दावर भांडताना त्यांना बरं वाटायचं. बाकी कशावर भांडायची सोय नव्हती. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका लागला की मी आणखीच घाबरले.

देवक बसलं. नाना-आई जोडीने पाटावर बसले. नानांच्या डोक्यावरची टोपी सैल झाली होती, ती आईने मागून दुमडून टाचणी लावली. पानं आणायला दादा आणि काका मारुतीला गेले, वाजंत्री एकच सांगितला होता. पूजा संपायला आली तसा नानांचा हात थरथरायला लागला, तेव्हा आईने खालून आधार दिला आणि दोघांनी मिळून अक्षता वाहिल्या. आमच्या देवघराला वेगळी खोली नाही. समोरच्या खोलीतच कोनाडा आहे. त्यामुळे नाना त्यांच्या खुर्चीतून दिवसभर देवकाकडे बघत बसायचे. अंगणातला मांडव उन्हात तडतडायचा. येणारी-जाणारी बाई नमस्कार करून जायची आणि नानांकडे बघायचं टाळायची. घर कार्याचं होतं, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्यातच एका सकाळी ते दादाशी हळू आवाजात बोलताना मी ऐकलं. मी गेल्यावर मला इथे आणू नका, सरळ गावी न्या, असं सांगत होते. घरात देवक आहे. दादा नुसता हो हो म्हणत होता. मी पुढे होऊन विचारलं, आणि मी?

"तू इथं थांबायचं," ते म्हणाले. "देवकाजवळ कुणीतरी लागतं."

हे त्यांनी तारीख ठरली तेव्हाच मनाशी धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. चुलत आत्याच्या लग्नात ते होतेच की. देवकाचा नियम पुढे करून त्यांनी माझं लग्न वाचवलं होतं, आणि त्याची जी किंमत होती ती त्यांना अगोदर माहीत होती. मी नाही म्हणाले. असले नियम मी पाळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, आणि मला समजलं की मी हरले आहे.

लग्नाला तीन-चार दिवस उरले असताना सकाळीच त्यांना श्वास घेता येईना. दादाने आणि काकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, आई शेजारी बसली. गाडी सुरू होताना त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि तळहात दाखवला, वर्गात पोरांना बसा म्हणताना दाखवायचे तसा. दुपारी फोन आला. नानांना घेऊन ते दवाखान्यातूनच चांदवडच्या रस्त्याला लागले. मी चप्पल घालून मांडवाबाहेर गेले होते, रिक्षालाही हात केला होता. काकू मागून आली, तिने माझा दंड धरला आणि मला परत आणलं. तिच्या हाताला जोर नव्हता. मीच वळले.

घरात मी, काकू आणि देवक. आभाळ भरून आलं होतं आणि मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. ग्रुपवर मेसेज येऊ लागले. श्रद्धांजली, हात जोडलेले, आणि मग हळूच प्रश्न, लग्न पोस्टपोन का? दादाचा फोन आला. गावाच्या वेशीपर्यंत पोचलोय म्हणाला. लोकांना काय सांगू, त्याने विचारलं, मला सुचत नाहीये, तूच लिही. मी लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. लग्न पुढे ढकललेलं नाही, नानांच्या इच्छेप्रमाणे ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळी होईल, सर्वांनी यावं. दोनदा वाचून पाहिलं आणि पाठवलं.

समोरच्या खोलीत, देवकाशेजारच्या फळीवर, घाईत मागे राहिलेला नानांचा फोन मोठ्याने वाजला. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. काकू दचकून उठली आणि म्हणाली, बघ गं, कुणाचा मेसेज आहे.

"माझाच आहे," मी म्हणाले, आणि सवयीने उत्तराची वाट पाहत बसून राहिले.